‘समज देऊन सोडले’, पण नोंद राहिली : इंग्लंडमधील जुने पोलीस कॉशन आणि मुलांमधील सेवा

‘पोलिसांनी त्यांना समज देऊन सोडून दिले.’ हे वाक्य आपल्याकडील वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे वाचावयास मिळते. ते वाचले की प्रकरण तेथेच मिटले असे आपण गृहीत धरतो. पोरासोरांनी काही आगळीक केली, चौकीवर नेऊन हवालदाराने चार शब्द सुनावले, घरी आल्यावर वडीलधाऱ्यांची बोलणी खावी लागली, की विषय संपला. पुढे नोकरीसाठी अर्ज करताना त्या प्रसंगाची कोणाला आठवणही राहत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र ‘समज देऊन सोडणे’ ही एक रीतसर कायदेशीर कृती आहे. तिला तेथे ‘कॉशन’ असे म्हणतात. तिच्यावर संबंधित व्यक्तीची सही घेतली जाते आणि तिची नोंद पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावर त्या व्यक्तीच्या वयाची १०० वर्षे पूर्ण होईपर्यंत राखून ठेवली जाते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी केलेली ती सही एखाद्या दिवशी अचानक समोर उभी राहते. आणि बहुधा अशा वेळी, जेव्हा ती व्यक्ती शाळेत, पाळणाघरात किंवा आपल्या धर्मग्रामात मुलांसाठी काम करू इच्छित असते.

वसई, मुंबई आणि गोवा येथील अनेक कॅथलिक कुटुंबे आज ब्रिटनमध्ये राहतात. कोणी रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी शाळेत साहाय्यक आहे, कोणी वृद्धांच्या सेवेत आहे. रविवारी हीच माणसे मुलांना धर्मशिक्षण देतात, वेदीसेवकांची तयारी करून घेतात, गायनमंडळात मुलांना गाणी शिकवतात. या प्रत्येक सेवेच्या दारात आता एक अर्ज भरावा लागतो. त्या अर्जापाशी दोन प्रकारची माणसे अडखळतात. जुन्या क्षुल्लक नोंदीच्या भीतीने काहीजण अर्जच करीत नाहीत. काहीजण, ‘ती काही शिक्षा नव्हती’ अशा समजुतीने, जे सांगावयास हवे तेही सांगत नाहीत. दोघांचेही नुकसान अज्ञानामुळे होते. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडण्याचे आम्ही योजले आहे.

कॉशन म्हणजे नेमके काय?

दहा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला इंग्लंड व वेल्समध्ये फौजदारी कायदा लागू होतो. अपराध किरकोळ असेल, पुरावा पुरेसा असेल आणि ती व्यक्ती अपराध कबूल करीत असेल, तर खटला न भरता पोलीस तिला कॉशन देऊ शकतात. प्रौढांसाठी त्याचे दोन प्रकार सर्वपरिचित आहेत. पहिले साधे कॉशन. दुसरे सशर्त कॉशन. त्यात नुकसानभरपाई देणे, व्यसनमुक्तीच्या उपचारांना जाणे यांसारख्या अटी घातल्या जातात. अठरा वर्षांखालील मुलांना पूर्वी ‘रेप्रिमांड’ आणि ‘फायनल वॉर्निंग’ अशा दोन पायऱ्यांनी ताकीद दिली जात असे. एप्रिल २०१३ पासून त्यांची जागा ‘यूथ कॉशन’ने घेतली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, कॉशन म्हणजे न्यायालयाने दिलेली शिक्षा नव्हे. ज्याला कॉशन मिळाले तो ‘शिक्षा झालेला’ ठरत नाही. दुसरी, कॉशन स्वीकारणे म्हणजे अपराधाची कबुली देणे होय. रात्रभर पोलीस ठाण्यात बसून कंटाळलेला माणूस ‘सही करा आणि घरी जा’ या वाक्याला भुलतो. आपण कबुलीजबाबावर सही केली, हे त्याला वर्षांनंतर कळते.

१९७४ च्या पुनर्वसनविषयक कायद्याप्रमाणे जुने अपराध काही काळानंतर ‘कालबाह्य’ मानले जातात. डिसेंबर २००८ पासून कॉशनही या कायद्याच्या छायेत आले. साधे कॉशन दिल्या क्षणीच कालबाह्य ठरते. सशर्त कॉशन तीन महिन्यांत, किंवा अटींची मुदत त्याआधी संपली तर तेव्हा. त्यामुळे दुकानात, कार्यालयात वा गोदामात नोकरी मागणाऱ्याने जुन्या कॉशनचा उल्लेख करण्याचे कारण नाही.

परंतु या कायद्याला अपवाद आहेत. मुलांमध्ये आणि असहाय प्रौढांमध्ये काम करणाऱ्यांबाबत कायदा कालबाह्य नोंदींकडेही पाहण्याची मुभा देतो. आपला विषय येथून सुरू होतो.

पडताळणी कोण करते?

आपल्याकडे पोलीस ठाण्यातून ‘चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र’ मिळते. इंग्लंड व वेल्समध्ये हे काम ‘डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस’ ही शासकीय संस्था करते. सर्वजण तिला ‘डीबीएस’ म्हणतात. २००२ पासून ‘क्रिमिनल रेकॉर्ड्स ब्युरो’ हे काम पाहत असे. डिसेंबर २०१२ मध्ये तो ब्युरो आणि मुलांपासून दूर ठेवावयाच्या व्यक्तींची यादी सांभाळणारी संस्था यांचे विलीनीकरण होऊन डीबीएस अस्तित्वात आली. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथील व्यवस्था व नियम वेगळे आहेत, हेही सांगून ठेवतो.

डीबीएसची पडताळणी एकाच प्रकारची नसते. ‘बेसिक’ प्रमाणपत्रात कालबाह्य न झालेल्या नोंदीच येतात. ‘स्टँडर्ड’ प्रमाणपत्रात कालबाह्य नोंदीही येऊ शकतात. ‘एन्हान्स्ड’ प्रमाणपत्रात त्याशिवाय स्थानिक पोलिसांकडील अन्य माहितीची भर पडू शकते. ज्या सेवेत मुलांची प्रत्यक्ष जबाबदारी अंगावर येते, त्या सेवेसाठी एन्हान्स्ड प्रमाणपत्राबरोबर मज्जाव केलेल्या व्यक्तींची यादीही तपासली जाते. स्वयंसेवकांसाठी डीबीएस शुल्क आकारीत नाही.

एवढी कडक व्यवस्था का, असे कोणी विचारील. ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडमधील सोहम या गावी दहा वर्षांच्या दोन मुलींची हत्या झाली. हत्या करणारा त्याच गावातील एका शाळेत केअरटेकर होता. त्याच्याविरुद्ध पूर्वी दुसऱ्या भागात गंभीर तक्रारी झाल्या होत्या, परंतु त्या नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोहोचल्याच नाहीत. सर मायकेल बिचर्ड यांच्या चौकशीचा अहवाल २००४ मध्ये आला आणि पडताळणीची यंत्रणा अधिक व्यापक झाली. त्या दोन मुलींची आठवण ठेवूनच पुढील मजकूर वाचावा, अशी आमची विनंती आहे. कडकपणा कोणाच्या लहरीतून आलेला नाही.

कडकपणाची दुसरी बाजू

तथापि, सरसकट लावलेला कडक नियम निरपराध आयुष्यांवरही पडतो. तीन प्रकरणे सांगतो. तिन्ही न्यायालयांच्या नोंदीत आहेत आणि तिन्हींतील व्यक्ती केवळ आद्याक्षरांनी ओळखल्या जातात.

पहिले प्रकरण ‘टी’ या मुलाचे. २००२ मध्ये तो अकरा वर्षांचा असताना, चोरीस गेलेल्या दोन सायकलींच्या संदर्भात मँचेस्टरच्या पोलिसांनी त्याला ताकीद दिली. सतराव्या वर्षी त्याने एका फुटबॉल क्लबमध्ये अर्धवेळ कामासाठी अर्ज केला, तेव्हा ती नोंद पुढे आली. एकोणिसाव्या वर्षी क्रीडाविषयक अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना ती पुन्हा पुढे आली. मधल्या काळात त्याच्याविरुद्ध काहीच घडले नव्हते.

दुसरे प्रकरण ‘जेबी’ या महिलेचे. २००१ मध्ये दुकानातून कृत्रिम नखांचे एक पाकीट उचलल्याबद्दल तिला कॉशन मिळाले. २००९ मध्ये तिने सेवाशुश्रूषेचे प्रशिक्षण पूर्ण केले. प्रमाणपत्रावर ते कॉशन उमटले आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने तिचे नाव नोकरीसाठी पुढे पाठवण्यास असमर्थता दर्शविली.

तिसरे प्रकरण उत्तर आयर्लंडमधील एका आजीचे. मुलाचा संसार मोडला होता आणि तान्ह्या नातवाला ऑस्ट्रेलियाला नेले जाणार होते. २००० साली ती आजी नातवाला घेऊन एक दिवस दिसेनाशी झाली. बाळ सुखरूप परत आले. आजीला बालक-अपहरणाबद्दल कॉशन देण्यात आले. नोंद पाच वर्षांनी निघून जाईल असे पोलिसांकडून सांगितले गेले होते. पुढे धोरण बदलले आणि नोंद आयुष्यभरासाठी ठेवली गेली. २००६ मध्ये कुटुंबांना आधार देणाऱ्या कामासाठी तिला मिळालेली संधी या नोंदीमुळे गेली.

या आजीच्या प्रकरणात स्ट्रासबर्ग येथील युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये, खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाला, असा निर्णय दिला. टी आणि जेबी यांच्या बाजूने अपील न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये कौल दिला आणि जून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, ती माहिती उघड केल्याने त्यांच्या खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाला, हा निष्कर्ष कायम ठेवला. न्यायालयांचा आक्षेप पडताळणीला नव्हता. अपराध कोणता, वय किती, काळ किती लोटला, कामाशी त्याचा संबंध काय, हे काहीही न पाहता प्रत्येक नोंद सर्वकाळ उघड करणे त्यांना मान्य झाले नाही.

आजचा नियम काय सांगतो?

अपील न्यायालयाच्या निर्णयानंतर २९ मे २०१३ रोजी ‘फिल्टरिंग’ची पद्धत सुरू झाली. मराठीत आपण तिला ‘गाळणी’ म्हणू. काही जुन्या नोंदी या गाळणीत अडतात आणि प्रमाणपत्रावर येत नाहीत. नोंद नष्ट होत नाही. ती फक्त उघड केली जात नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा निर्णय दिला आणि त्यानुसार २८ नोव्हेंबर २०२० पासून गाळणीचे नियम पुन्हा बदलले. कॉशनपुरते आजचे नियम असे आहेत.

अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मिळालेले कॉशन, रेप्रिमांड वा वॉर्निंग प्रमाणपत्रावर आपोआप उघड केले जात नाही. अपराध कोणताही असो, नियम हाच.

प्रौढपणी मिळालेले कॉशन सहा वर्षे होईपर्यंत स्टँडर्ड आणि एन्हान्स्ड प्रमाणपत्रांवर दिसते. सहा वर्षे झाल्यावर ते गाळले जाते. मात्र तो अपराध शासनाने ठरविलेल्या गंभीर अपराधांच्या यादीत नसावा लागतो.

त्या यादीतील अपराधाबद्दल प्रौढपणी कॉशन मिळाले असेल, तर ते कितीही जुने झाले तरी दिसते. लैंगिक अपराध, शारीरिक इजा करणारे अनेक अपराध, मुलांशी क्रौर्य, अमली पदार्थांची विक्री असे शेकडो अपराध या यादीत आहेत.

उदाहरणे दिल्यास हे स्पष्ट होईल. समजा, २०१० साली पंचविशीतील एका तरुणाला दुकानातील किरकोळ चोरीबद्दल कॉशन मिळाले. आज तो प्राथमिक शाळेत साहाय्यक होऊ इच्छितो. त्याचे कॉशन गाळले जाईल आणि त्याने ते सांगण्याचीही गरज नाही. त्याच वर्षी दुसऱ्या तरुणाला भांडणात कोणाला जखमी केल्याबद्दल, म्हणजे ‘प्रत्यक्ष शारीरिक इजा’ करणारा हल्ला या कलमाखाली, कॉशन मिळाले असेल, तर ते आजही दिसेल, उद्याही दिसेल.

हा भेद काहींना कठोर वाटतो. २०१९ च्या निर्णयातही असे एक प्रकरण होते. ‘डब्ल्यू’ या व्यक्तीला १९८२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, अशाच हल्ल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवून सशर्त सोडले होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना शिक्षक व्हायचे होते. न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. गंभीर अपराधांची एक ठरावीक यादी असणे वाजवी आहे आणि त्या नोंदीला किती महत्त्व द्यावे हे नेमणूक करणाऱ्याने ठरवावे, असे न्यायालयाचे मत पडले. म्हणून, ‘आता जुने सगळे पुसले गेले’ असे कोणी सांगितल्यास त्यावर विसंबू नये.

आपल्या घरांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट येथे सांगणे आम्हास आवश्यक वाटते. मुलाला वळण लावण्यासाठी हात उगारणे आपल्या पिढ्यांनी स्वाभाविक मानले. स्कॉटलंडमध्ये नोव्हेंबर २०२० पासून आणि वेल्समध्ये मार्च २०२२ पासून मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास पूर्ण बंदी आहे. इंग्लंडमध्येही मारामुळे इजा झाल्यास कायद्याचा बचाव मिळत नाही. मुलाशी क्रौर्य केल्याबद्दल प्रौढाने कॉशन स्वीकारले, तर ती नोंद कधीच गाळली जात नाही. रागाच्या एका क्षणाची किंमत प्रथम त्या बालकाला आणि नंतर त्या मातापित्यांना मोजावी लागते.

गाळणीच्या पलीकडे

कॉशन गाळले गेले तरी एक शक्यता उरते. एन्हान्स्ड प्रमाणपत्र देताना, विशिष्ट कामाशी सुसंगत आणि उघड करणे योग्य आहे असे पोलीसप्रमुखांना वाजवी कारणांनी वाटले, तर ते अन्य माहिती प्रमाणपत्रात घालू शकतात. आरोप झाले परंतु शिक्षा झाली नाही, अशी माहितीही त्यात येऊ शकते. सोहमच्या प्रकरणात नेमकी अशीच माहिती हरवली होती, हे वाचकांच्या लक्षात येईल. हा अधिकार आपोआप वापरला जात नाही. प्रत्येक प्रकरणी विचार करावा लागतो. अशी माहिती अन्यायकारक वा चुकीची वाटल्यास अर्जदार डीबीएसकडे हरकत घेऊ शकतो आणि त्यानंतर ‘इंडिपेंडंट मॉनिटर’ या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे फेरविचार मागू शकतो.

यापेक्षा वेगळी आणि अधिक गंभीर गोष्ट म्हणजे मज्जावाची यादी. मुलांसोबत काम करण्यास ज्यांना कायद्याने मनाई आहे, त्यांची नावे या यादीत असतात. काही अत्यंत गंभीर अपराधांबाबत शिक्षाच नव्हे, तर कॉशनदेखील या यादीत नाव जाण्यास पुरेसे ठरू शकते. यादीत नाव असताना मुलांच्या जबाबदारीचे काम स्वीकारणे वा त्यासाठी अर्ज करणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. येथे कोणत्याही धर्मग्रामाला, शाळेला वा संस्थेला सवलत देण्याचा अधिकार नाही.

ख्रिस्तसभेतील सेवा

काही श्रद्धावंत विचारतात, ‘देवाच्या कामाला पोलिसांचा दाखला कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या वेदनादायक अनुभवात आहे. इंग्लंड व वेल्समधील कॅथलिक ख्रिस्तसभेत मुलांवर झालेल्या अत्याचारांची प्रकरणे उघड झाल्यानंतर, कार्डिनल कॉर्मक मर्फी-ओ’कॉनर यांच्या विनंतीवरून लॉर्ड नोलन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. २००१ मध्ये तिचा अहवाल आला. प्रत्येक धर्मग्रामात बालसंरक्षणासाठी प्रतिनिधी असावा आणि मुलांमध्ये काम करणाऱ्यांची पडताळणी व्हावी, ही दिशा त्या अहवालाने दिली. २००७ मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या आयोगाने त्या कामाचा आढावा घेतला. २०२० मध्ये शासकीय चौकशी आयोगाने ख्रिस्तसभेच्या उणिवांवर कठोर शब्दांत बोट ठेवले. २०२१ पासून ‘कॅथलिक सेफगार्डिंग स्टँडर्ड्स एजन्सी’ ही संस्था धर्मप्रांतांच्या आणि व्रतस्थ संघांच्या या क्षेत्रातील कामाची तपासणी करते. विश्वास ठेवून गप्प राहण्याची किंमत बालकांनी मोजली, हे सत्य आपण विसरता कामा नये.

पापनिवेदनात मिळालेली क्षमा परिपूर्ण असते, ही आपली श्रद्धा आहे. परंतु क्षमा मिळणे आणि एखाद्या जबाबदारीसाठी पात्र असणे या दोन भिन्न गोष्टी होत. ज्याला क्षमा मिळाली त्याला मिस्साबलिदानात स्थान आहे, समाजात स्थान आहे. परंतु प्रत्येक सेवेवर कोणाचाही हक्क नसतो; ती समाजाने विश्वासाने सोपवावयाची असते. हा भेद ध्यानात ठेवला, तर पडताळणी अपमानास्पद वाटणार नाही.

या भेदाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रमाणपत्रावर कॉशन दिसले म्हणजे दार बंद झाले, असे कायदा म्हणत नाही. मज्जावाच्या यादीत नाव नसेल, तर निर्णय नेमणूक करणाऱ्यांनी घ्यावयाचा असतो. अपराध कोणता होता? तेव्हा वय काय होते? किती काळ लोटला? परिस्थिती कोणती होती? त्यानंतरचे आचरण कसे आहे? मागितलेल्या सेवेशी त्याचा संबंध काय? या प्रश्नांची उत्तरे त्या व्यक्तीसमोर बसून, तिचे म्हणणे ऐकून शोधावयाची असतात. चार वर्षांपूर्वी दुकानातून सौंदर्यप्रसाधन उचलल्याचे कॉशन असलेल्या स्त्रीला मुलांच्या गायनमंडळापासून दूर ठेवण्यात कोणत्याही बालकाचे रक्षण होत नाही. प्रमाणपत्रातील माहिती गोपनीय असते. ती चर्चच्या आवारात चघळण्याचा विषय होणे हा त्या व्यक्तीवर केलेला अन्याय ठरतो.

त्याचप्रमाणे, कोरे प्रमाणपत्र म्हणजे सचोटीची हमी नव्हे. जो कधी पकडला गेला नाही त्याचेही प्रमाणपत्र कोरेच असते. म्हणून मुलांबरोबर एकट्याने न राहणे, दोन प्रौढांची उपस्थिती, बालकाच्या तक्रारीकडे तत्काळ लक्ष, पूर्वीच्या कामाच्या ठिकाणांहून शिफारशींची खातरजमा या गोष्टी प्रमाणपत्राइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

आपण काय करावे?

ज्यांच्या मागे जुने कॉशन आहे, त्यांनी प्रथम आपली नोंद नेमकी काय आहे हे पाहावे. आठवणीवर विसंबू नये. कोणती तारीख, कोणते कलम, कॉशन की न्यायालयीन शिक्षा, यांवर सारे अवलंबून असते. पोलिसांच्या संगणकावरील स्वतःची माहिती ‘एक्रो’ या कार्यालयामार्फत विनामूल्य मागता येते. त्यानंतर वरील नियम लावून पाहावा. अडचण असल्यास ‘अनलॉक’ आणि ‘नॅक्रो’ या धर्मादाय संस्था अशा नोंदींबाबत मार्गदर्शन करतात.

नोंद गाळली जाणारी असेल, तर नेमणूक करणाऱ्याच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणे असत्य नव्हे. कायद्यानेच तो प्रश्न त्या नोंदीपुरता गैरलागू ठरविला आहे. संस्थेला ती कळली तरी तिच्या आधारे नकार देता येत नाही. नोंद गाळली जाणारी नसेल, तर ती प्रमाणपत्र येण्यापूर्वी स्वतःहून, शांतपणे आणि थोडक्यात सांगावी. प्रमाणपत्र प्रथम अर्जदाराच्याच हाती येते. तरीही नोंद लपवून ठेवून नंतर ती उघडकीस आली, तर जुन्या चुकीपेक्षा नवे असत्यच अधिक महागात पडते.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. वरील सारे नियम नोकरी आणि सेवेसाठी आहेत. ब्रिटनचा व्हिसा किंवा नागरिकत्व मागताना कालबाह्यतेचे संरक्षण लागू होत नाही. तेथे विचारल्यास जुने कॉशनही सांगावेच लागते.

ज्यांच्यावर कॉशन स्वीकारण्याची वेळ येईल, त्यांनी, विशेषतः शिक्षणासाठी नव्याने गेलेल्या तरुणांनी, एक गोष्ट मनाशी पक्की करावी. इंग्लंड व वेल्समध्ये पोलीस ठाण्यात चौकशीसाठी असलेल्या प्रत्येकाला, त्याची मिळकत कितीही असो, विनामूल्य कायदेशीर सल्ला मिळण्याचा हक्क आहे. तो सल्ला घेतल्याशिवाय कशावरही सही करू नये. जे केले नाही ते केवळ लवकर घरी जाता यावे म्हणून कबूल करू नये. परिचारिका, शिक्षक, डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांनी तर याबाबत विशेष दक्ष राहावे.

भारतातून जाणाऱ्यांना आणखी एक टप्पा असतो. डीबीएसला भारतातील पोलिसांच्या नोंदी पाहता येत नाहीत. त्यामुळे नव्याने आलेल्या परिचारिकेकडून, शिक्षकाकडून वा धर्मगुरूंकडून मायदेशातील पोलिसांचे प्रमाणपत्र मागितले जाते. ते पारपत्र कार्यालयाकडून किंवा तेथील भारतीय उच्चायुक्तालयामार्फत मिळविता येते. निघण्यापूर्वीच ही तयारी केल्यास पुढची धावपळ वाचते.

येथे राहणाऱ्या आपल्यासाठीही हा विषय परका नाही. आपल्या देशात लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा ‘पोक्सो’ कायदा २०१२ मध्ये आला. त्याखालील २०२० च्या नियमांनी शाळा, पाळणाघरे, क्रीडासंस्था आणि मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना आपल्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी बंधनकारक केली. दुसरीकडे, २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालवयातील अपराध पुढील आयुष्यात अपात्रतेचे कारण होऊ नये, असेही सांगितले. अगदी गंभीर अपराधांचा तेवढा अपवाद ठेवला. अकरा वर्षांच्या ‘टी’ला इंग्लंडमध्ये जे न्यायालयात जाऊन मिळवावे लागले, त्याच तत्त्वाचा हा उच्चार आहे.

बालकाचे संरक्षण आणि चुकलेल्याला पुन्हा उभे राहण्याची संधी, या दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते असे नाही. दोन्ही साधण्यासाठी नियम नीट जाणून घ्यावे लागतात आणि खरे बोलावे लागते. आपल्या परदेशस्थ आप्तांपैकी कोणी अशा जुन्या सहीच्या ओझ्याखाली सेवेपासून दूर राहत असेल, तर हा लेख त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवावा. त्यांच्यापैकी अनेकांचे दार आज उघडे आहे. ज्यांच्यासाठी एखादे दार बंद आहे, त्यांनाही समाजात करण्यासारख्या अन्य सेवा पुष्कळ आहेत.